मुलींच्या बॅचला प्रश्न नसतात

आमच्या ह्यांनी इंग्रजीतलं एकच क्रियापद शिकून गोंदियाजवळच्या आमच्या मुर्री गावात इंग्रजीचा क्लास काढला, आणि तो धो धो चालला. तेव्हापासून शिक्षणाचं महत्त्व सांगायला कुणी आलं की मी त्याला चहा पाजून वाटेला लावते.

हे म्हणजे योगराज, माझे यजमान. गोंदियात एका राइस मिलमध्ये सुपरवायझर होते. मिल बंद पडली आणि घरी बसले. घरी बसलेला पुरुष म्हणजे काय, हे जिनं भोगलंय तिलाच कळेल. कधी माझे डबे उलटेसुलटे लावतील, कधी वरणाच्या फोडणीवर भाषण देतील. शेवटी मीच कंटाळून पुतण्याचा जुना, जाड इंग्रजी शब्दकोश त्यांच्यापुढे टाकला. म्हटलं, वाचा. तो त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतला आणि 'जी' ह्या अक्षरापाशी येऊन जे थांबले, ते थांबलेच. 'गेट' ह्या एका शब्दाला पानंच्या पानं दिली होती. उठायचं तरी गेट, मिळायचं तरी गेट. पाणी आणा, गावाला पोचा, आजारी पडा, म्हातारे व्हा, चिडा, समजून घ्या, एखाद्याला घराबाहेर काढा, सगळीकडे आपलं गेट.

"भूमे, इंग्रजानं आपल्यावर राज्य कायच्या भरवशावर केलं, मालूम आहे?" हे डोळे मोठे करून म्हणाले. "या एका शब्दाच्या. बाकीचे शब्द त्यानं आपल्याले फसवाले ठेवले."

"बरं," मी म्हटलं. "आता गहू दळून आणा."

त्यांनी डबा उचलला, दारातून वळले आणि म्हणाले, "आय गेट द आटा." पुढे काय वाढून ठेवलंय, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

महिनाभरात आमच्या धान ठेवायच्या टिनाच्या शेडवर पाटी लागली: 'गेट इंग्लिश क्लासेस. एका क्रियापदात संपूर्ण इंग्रजी.' योगराजचे योगराज सर झाले. मीही त्यांना सरच म्हणते, राग आला की.

क्लास चालला तो इंग्रजीच्या ओढीनं नव्हे, लग्नांच्या घाईनं. आमच्या पोवार समाजाचं दरवर्षी गोंदियाला परिचय संमेलन भरतं. लग्नाच्या मुलामुलींनी स्टेजवर यायचं आणि आपली ओळख करून द्यायची. पूर्वी मुलगी नाव, शिक्षण, वडिलांचं कूळ, मामाचं कूळ एवढं सांगून मान खाली घालून उतरायची. मग एका साली नागपूरकडची एक मुलगी स्टेजवर इंग्रजीत चार वाक्यं बोलली, आणि तिला बंगलोरचा मुलगा मिळाला. तिच्या वडिलांच्या दोन राइस मिल होत्या, त्याही त्या मुलाला दिसल्या असतील कदाचित. आमच्या लोकांना मात्र दिसलं ते फक्त इंग्रजी.

आधी सरांनी मुलं-मुली एकत्र बसवली आणि गेटचे सगळे अर्थ शिकवायला घेतले. आठवड्याच्या आत पालक दारात. पहिली आली शेजारची अनुसयाबाई. तिची डिंपल क्लासला होती.

"सर, हे 'आय गेट टायर्ड' काऊन शिकवून राहिले पोरीले?"

"त्याचा अर्थ, मी थकते," सर म्हणाले.

"अर्थ समजला जी मले. पण लग्नाच्या आधीच पोरगी थकते म्हणाल, तं करेल कोण तिले?"

सरांनी ते वाक्य फळ्यावरून पुसलं. दुसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ पुरनलाल आला. त्याचा आक्षेप 'आय गेट अँग्री'वर, म्हणजे मला राग येतो ह्यावर. "माह्या पोरीले राग येतच नाही, तं खोटं कायले बोलायचं?" तेही पुसलं. त्याच्यामागून केवलराम गुरुजी आले. रिटायर्ड माणूस, सगळ्यात नाक खुपसायला मोकळा. त्यांनी 'आय गेट इट'वर बोट ठेवलं. मला समजतं, असा त्याचा अर्थ.

"पोरीले समजते, तं समजू द्या ना," गुरुजी म्हणाले. "चारचौघांत सांगायची काय गरज आहे?"

असं पुसता पुसता, त्या पानंच्या पानं पसरलेल्या शब्दातून मुलींच्या वाट्याला चार वाक्यं उरली. आय गेट अप ॲट फाइव्ह, मी पाच वाजता उठते. आय गेट द वॉटर, मी पाणी आणते. आय गेट रेडी इन टेन मिनिट्स, मी दहा मिनिटांत तयार होते. आणि शेवटचं, मान जरा तिरकी करून म्हणायचं, आय गेट अलाँग विथ एव्हरीबडी, माझं सगळ्यांशी पटतं. मी लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई. माझं घरातल्या एका माणसाशी पटवताना नाकी नऊ येतात, आणि ह्या पोरी सगळ्यांशी पटवून घ्यायला निघाल्या.

मुलांची बॅच मुलींच्या नंतर. मुलानं स्टेजवर स्वतःबद्दल काय बोलायचं? त्याची नोकरी माइकवाला सांगतो, तीच त्याची ओळख. त्याला लागतात ते मुलीला विचारायचे प्रश्न. म्हणून मुलांना नुसते प्रश्न. व्हॉट टाइम डू यू गेट अप? हू गेट्स द वॉटर? डू यू गेट अँग्री? राग मुलींच्या बॅचमधून काढला होता, पण मुलांच्या बॅचमध्ये त्याची चौकशी ठेवली होती.

"पोरींना पण एखादा प्रश्न शिकवा ना," मी एकदा म्हटलं.

"कायले? विचारणार कोणाले?" सर म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

शिकवायची पद्धत एकच, सगळ्यांनी मिळून ओरडायचं. शेडच्या समोरच गावाचा हातपंप. बाया पाणी भरायला रांगेत उभ्या राहायच्या आणि आतून पोरींचा गलका, आय गेट अप ॲट फाइव्ह. थोड्या दिवसांनी बाया पंपाचा दांडा त्याच तालावर मारू लागल्या. अक्षरओळख नसलेल्या बाईला आमच्या मुर्रीत चार वाक्यं इंग्रजी येत होतं, एवढं श्रेय मी सरांना देते.

आता हर्षिताचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच सांगायला बसले. हर्षिता पुरनलालभाऊची एकुलती एक मुलगी, माझी भाची. ती आठवीत असताना आमची वहिनी गेली. तेव्हापासून त्या घराची चूल, पाणी, गोठा, सगळं ह्या पोरीवर. बारावी झाल्यावरही दोन वर्षं घरातच गेली. भाऊ माणूस वाईट नाही. पण त्याला वाटायचं, घर असंच चालतं, दिवस उगवतो तसं.

एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. हर्षिता येऊन समोर बसली आणि माझ्याच ताटातले खडे काढू लागली.

"आत्या, मले नागपूरले नर्सिंगले जायचं आहे. माह्या मार्कावर नंबर लागते. बाबा म्हणते, आधी संमेलन. तिथं कोणाले पसंत पडली तं लग्न, नाही पडली तं पाहू."

"मंग स्टेजवर चार वाक्यं चुकून दे. कोणी पसंत करत नाही."

"चुकली तं बाबाची मान खाली जाते, आत्या. त्यानं संमेलनासाठी नवा शर्ट शिवला."

पोरीची अडचण ही अशी होती. चांगलं बोलावं तर नागपूर जातं, वाईट बोलावं तर बापाची लाज जाते. मला तिचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी निवडलेले खडे परत तांदळात टाकले.

"आणि लग्नच करा लागलं, तं एक गोष्ट मले त्याले विचारू द्या," ती म्हणाली. "ज्याच्या घरी जन्म काढायचा, त्याले एक तरी विचारता आलं पायजे ना?"

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, बॅच मध्येच बदलता येत नाही, शिस्त असते. मी म्हटलं, तुमच्या शिस्तीला आग लागो. पण शेड आणि माझं स्वयंपाकघर ह्यांच्यात एकच कुडाची भिंत. त्या दिवसापासून हर्षिता आपली बॅच संपली की माझ्याकडे भाजी चिरायला बसायची. पलीकडून मुलं ओरडायची, व्हॉट टाइम डू यू गेट अप, आणि इकडे हिचे ओठ हलायचे. मी काही पाहिलं नाही असं दाखवून कढईत तेल ओतायची.

संमेलन भर उन्हाळ्यात. गोंदियातल्या एका लॉनवर मंडप, चारी कोपऱ्यांत पाण्याचे कूलर, आम्हा पोवारांचा पूर्वज राजा भोज, त्याच्या फोटोला हार. डावीकडे मुलाकडचे, उजवीकडे मुलीकडचे. मुर्रीच्या बाया पुढच्या ओळी धरून बसलेल्या. माइकवर केशोराव. गोंदियाच्या बाजारात त्यांचं कपड्याचं दुकान, त्यामुळे बोलणं हिंदीत आणि आवाज सेल लागल्यासारखा.

"तो अब आ रही है, आयुष्मती डिंपल! जोरदार तालियाँ!"

डिंपलनं चार वाक्यं म्हटली. टाळ्या. दुसरी मुलगी आली, तीच चार वाक्यं. तिसरी आली, तीच. मुर्री आणि आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या मुली सरांच्याच. सातवी-आठवी मुलगी आली तोवर मुलाकडच्यांनी माना वळवून एकमेकांकडे पाहायला सुरुवात केली. एक म्हातारे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "पाच वाजता एवढ्या पोरी उठते, तं गावात कोंबडे कायले पाळते?"

त्यानंतरची मुलगी घाबरली. "आय गेट..." म्हणाली आणि अडकली. अनुसयाबाईला राहवलं नाही. ती जागेवरून ओरडली, "द वॉटर! द वॉटर म्हण व!" बाजूच्या चौघी-पाच जणींनी साथ दिली. मुलगी सावरली. पण बायांना आता चव लागली होती. पुढच्या मुलीच्या वेळी तिच्यासोबत सगळी ओळ म्हणू लागली, हातानं पंपाचा दांडा मारल्यासारखी. सर स्टेजच्या बाजूला उभे. त्यांची छाती फुगलेली. त्यांना वाटलं, हा आपला सत्कार चाललाय.

मग केशोरावांनी हर्षिताचं नाव घेतलं. "और इनके लिए हमारे बीच उपस्थित हैं, पुना के इंजिनिअर, चिरंजीव धनेंद्रजी!"

हा धनेंद्र आमगावकडचा. पुण्याच्या कंपनीत होता, सुटीवर आला तेव्हा सरांकडे पंधरा दिवसांची घाईची बॅच करून गेला होता. पुण्याच्या इंजिनिअरला मुर्रीत इंग्रजी शिकायची काय गरज, असं मी विचारलं होतं. तिथं कॉम्प्युटरशी बोलायचं असतं, मुलीशी नाही, असं सर म्हणाले होते. भावाच्या मनात हा मुलगा आधीपासून भरलेला. नव्या शर्टात भाऊ पहिल्या ओळीत बसला होता आणि दर मिनिटाला कॉलर सारखी करत होता. मला ते दिसलं. ह्या मुलानं हो म्हटलं की हर्षिताचं नागपूर संपलं.

धनेंद्रनं माइक घेतला आणि खाकरला. "व्हॉट टाइम डू यू गेट अप?"

हर्षितानं तोंड उघडलं. तेवढ्यात समोरून मुर्री गरजली, "आय गेट अप ॲट फाइव्ह!"

मंडपात हशा. भाऊही हसला. धनेंद्र बावचळला, पण पुढचा प्रश्न पाठ होता. "हू गेट्स द वॉटर?"

"आय गेट द वॉटर!" बाया म्हणाल्या.

"डू यू गेट अँग्री?"

"आय गेट अलाँग विथ एव्हरीबडी!" अनुसयाबाई तर मान तिरकी करून उभीच राहिली.

लोक पोट धरून हसत होते. मी हसत नव्हते. मी हर्षिताकडे पाहत होते. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला, हशा ओसरू दिला आणि शांतपणे, एकही अक्षर न चुकता विचारलं, "अँड यू? व्हॉट टाइम डू यू गेट अप?"

धनेंद्रनं सरांकडे पाहिलं. सरांनी वर मंडपाच्या कापडाकडे पाहिलं. मुलांच्या बॅचला उत्तर शिकवलेलंच नव्हतं. धनेंद्रनं घाम पुसला आणि त्याला जे येत होतं ते म्हणाला, "व्हॉट टाइम डू यू गेट अप?"

"मी तुम्हाले विचारलं जी," हर्षिता म्हणाली.

"व्हॉट टाइम..." तो पुन्हा म्हणाला आणि थांबला.

केशोराव पुढे झाले. "बेटा, सवाल लडकेवाले पूछते हैं. आप जवाब दीजिए."

"काकाजी, जवाब तं सगळ्या बाया देऊन बसल्या," हर्षिता म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, खरंच नव्हता. "माह्याजवळ आता प्रश्नच उरला."

तेवढ्यात मुलाकडच्या बाजूनं धनेंद्रची आई उठली. लेकाची फजिती तिला बघवेना. "आठ वाजता उठते जी तो!" ती ओरडली. "मीच उठवते, आमगाववरून फोन करून! दोनदा करावा लागते!"

मग मात्र मंडप फुटला. मुलाकडचे हसले, मुलीकडचे हसले. सर कूलरच्या मागे गेले ते जेवणाच्या पंगतीलाच बाहेर आले. हर्षितानं राजा भोजाच्या फोटोला नमस्कार केला आणि स्टेजवरून उतरली. एकही वाक्य चुकली नव्हती.

तिला कुणी पसंत केलं नाही. पोरगी सवाल करते, असं मुलाकडच्यांत पसरलं, आणि आमच्यात हे एवढं पुरतं. परत येताना भावानं गाडीतच नव्या शर्टाची वरची गुंडी सोडून टाकली. घरी आल्यावर सगळा राग सरांवर निघाला.

"तुम्ही शिकवलं काय तिले हे?"

"आईची शपथ, मुलींच्या बॅचले प्रश्न नाही," सर म्हणाले. हे त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य असेल.

"आता कोण करते माह्या पोरीले?" भाऊ म्हणाला.

"आता दोन-तीन वर्षं कोणी येत नाही," मी म्हटलं. "लोक विसरेपर्यंत नागपूरले शिकू दे तिले. घरी ठेवून काय लोणचं घालतं?"

भाऊ हर्षिताकडे न बघता म्हणाला, "जाय म्हणा." पावसाळ्यात ती गेली. जाताना तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा मी तिला उगाच रागावले, डोळ्यांतलं पाणी लपवायला दुसरं काही सुचलं नाही.

सरांचं म्हणाल, तर क्लास बंद पडायला हवा होता. तो वाढला. संमेलनाच्या दुसऱ्या आठवड्यात पोरीच येऊन म्हणाल्या, आम्हाला पण विचारायला शिकवा. पाटीवर नवीन ओळ आली: 'मुलींसाठी प्रश्नांची विशेष बॅच.' वर ही कल्पना आपलीच होती असं ते आता लोकांना सांगतात. धनेंद्रचं लग्न डिंपलशी झालं. सकाळचा फोन आता आमगाववरून डिंपलला जातो, आणि तिनं त्याला उठवायचं. अनुसयाबाई हे अभिमानानं सांगते.

आणि भाऊ? हर्षिता गेल्यावर त्याच्या घरी पाणी यायचं थांबलं. दोन दिवस त्यानं वाट पाहिली असावी. तिसऱ्या दिवशी घागर घेऊन पंपावर आला. एवढा जमीनवाला माणूस, धोतर खोचून बायांच्या रांगेत उभा. बाया काय सोडतात थोडंच. त्यानं दांड्याला हात घातला की मागून सुरू, "आय गेट द वॉटर!" तो मान खाली घालून हापसायचा. दोन घागरीतच धापा टाकायचा, आणि मला वरून हसू आलं तरी आत कुठंतरी तुटायचं.

एका संध्याकाळी तो सरांच्या मोबाइलवरून हर्षिताला फोन लावायला माझ्याकडे आला. बापलेकीला बोलायची सवय नव्हती. त्यानं आजवर तिला हे आण, ते कर, एवढंच म्हटलेलं. आता आण म्हणायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे तो नुसताच फोन कानाला लावून उभा राहिला. मग अचानक विचारलं, "तिथं किती वाजता उठतेस व बाई?"

फोनचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं. "ड्यूटी नसली तं सात वाजता, बाबा. पाणी नळाले असते इथं."

भावानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "बरं. झोपत जाय." त्यानं फोन ठेवला आणि तिथंच पाटावर बसला. मी चहा पुढे केला, तो त्यानं घेतला नाही.

"भूमे," तो म्हणाला, "पोरगी खरंच पाच वाजता उठे काय व इथं?"

"नाही तं काय?"

"मले वाटलं, तुह्या नवऱ्यानं शिकवलेलं वाक्य आहे."

मी त्याच्यावर खूप ओरडणार होते. आठवीपासूनचं सगळं ओठांवर आलं होतं. पण तो डोळे पुसत होता, म्हणून मी चहा पुन्हा गरम करायला ठेवला.